क्षितिजावरचा मोठा चंद्र आणि पाटणचे भास्कराचार्य

पवित्र गुरुवारची सायंकाळची मिस्सा आटोपून आपण बाहेर पडतो, त्या सुमारास आकाशातला चंद्र पौर्णिमेच्या आसपासचा असतो. हा योगायोग नव्हे. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेपुढचा रविवार हा आपला पुनरुत्थानाचा सण, त्यामुळे पवित्र आठवडा आणि पौर्णिमा यांची जोडी ठरूनच गेली आहे. कोजागिरीचा चंद्र तर सगळा गाव पाहतो. कोणत्याही पौर्णिमेला संध्याकाळी पूर्वेकडे पाहावे. कपाशीच्या शेतापलीकडून, लिंबाच्या झाडामागून वर येणारा चंद्र परातीएवढा भासतो. रात्री अकरा-बारा वाजता तोच चंद्र डोक्यावर आला की वाटीएवढा होतो. मग एखादे पोर विचारते की चंद्र लहान कसा झाला, आणि मोठ्यांना उत्तर सापडत नाही.

चंद्र लहान झालेला नसतो. चंद्र उगवत असताना हात पूर्ण लांब करून चिमटीत हरभऱ्याचा एक दाणा धरावा आणि एक डोळा मिटावा. एवढा परातीएवढा चंद्र त्या दाण्यामागे झाकला जातो. मध्यरात्री पुन्हा तेच करावे. दाणा तोच, चंद्र तोच, आणि झाकलाही तेवढाच जातो. छायाचित्र काढून पट्टीने मोजले तरी हेच दिसते. मोठेपणा आणि लहानपणा आकाशात नसतो, पाहणाऱ्याच्या ठिकाणी असतो.

या कोड्याशी ज्यांची रोजची गाठ होती असे एक थोर गणिती आपल्या शेजारच्याच मुलखात होऊन गेले. बुलढाणा शहर ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे, तीच डोंगररांग पश्चिमेकडे जात जात सातमाळ्याला मिळते. तिथे जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, पाटण नावाचे ठिकाण आहे. पाटणादेवीचे देऊळ म्हणून आपल्यापैकी काहींनी ते पाहिलेही असेल. भास्कराचार्यांचे नाव या पाटणशी जोडलेले आहे. लीलावती हे त्यांच्या ग्रंथाचे नाव शाळेत आपण सर्वांनी ऐकले, पण त्यांच्या आयुष्याविषयी आपल्याला फारसे ठाऊक नसते.

त्यांनी आपले जन्मवर्ष स्वतःच लिहून ठेवले, हे आपले भाग्य. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. सह्याद्रीजवळचे विज्जडविड हे आपले गाव, असेही ते सांगतात. हे विज्जडविड नेमके कोणते, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. कोणी ते विजापूर मानले, कोणी मराठवाड्यात शोधले, तर पाटणच्या परिसरातले म्हणणाऱ्यांची बाजू तिथल्या शिलालेखामुळे भक्कम होते. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. हे तेच भाऊ दाजी, मुंबईचे नामांकित डॉक्टर. भास्कराचार्यांची वंशावळ या लेखात दिली आहे. मूळ पुरुष त्रिविक्रम, त्याचा मुलगा भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि महेश्वरांचे पुत्र आपले भास्कराचार्य. हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या विद्येचे. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी होते आणि मुलाला त्यांनीच शिकवले. आपले गुरू म्हणून भास्कराचार्य वडिलांचेच नाव घेतात.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा मोठा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग मानतात. लीलावती हे अंकगणित, बीजगणित दुसरा भाग, ग्रहगणित तिसरा आणि गोलाध्याय चौथा. त्यावर वासनाभाष्य नावाची टीकाही त्यांनी स्वतःच लिहिली. सूत्र दिले आणि कारण सांगितले नाही, अशी त्यांची पद्धत नव्हती. आजच्या गाईड-बुकांच्या काळात हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

लीलावतीतील गणिते शेतातली, तळ्यातली, अंगणातली आहेत. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात. दिव्याच्या उजेडात उभ्या काठीची सावली किती पडेल आणि त्या सावलीवरून दिवा किती उंच आहे हे कसे काढावे, हेही तिथे आहे. अशा गणितांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. जी वस्तू हाताने मोजता येत नाही तिचे माप तिच्या सावलीवरून किंवा शेजारच्या वस्तूवरून काढायचे. शेजार विश्वासू असेल तर माप बरोबर येते. शेजारच फसवा निघाला तर काय, हा प्रश्न आकाशाकडे पाहताना उभा राहतो.

गोलाध्यायात यंत्रांचे एक प्रकरण आहे. वेळ मोजायची, सूर्याची उंची मोजायची अशी पुष्कळ यंत्रे सांगून झाल्यावर भास्कराचार्य धीयंत्र नावाचे एक यंत्र सांगतात. धी म्हणजे बुद्धी. हे यंत्र म्हणजे हातातली एक साधी काठी! काठीच्या टोकांवरून वेळूचा बुंधा आणि शेंडा पाहावा, त्रैराशिक मांडावे, की तो वेळू किती दूर आणि किती उंच ते कळते. पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबावरूनही उंची काढता येते. ज्याच्या हाती काठी आणि डोक्यात बुद्धी आहे त्याला दुसऱ्या यंत्राची गरज काय, असा त्यांचा भाव आहे. डोळ्याने नुसते पाहिले तर उंच झाडाजवळचा माणूस खुजा वाटतो आणि झुडपाजवळचा तोच माणूस धिप्पाड. काठी मात्र झाडालाही तीच आणि झुडपालाही तीच.

याच ग्रंथात पृथ्वी गोल असूनही सपाट का दिसते याचा खुलासा आहे, आणि तो वाचताना आजही आनंद होतो. कोणत्याही मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळ रेषेसारखा दिसतो. पृथ्वी अवाढव्य, माणूस इवलासा. त्याच्या नजरेत पृथ्वीचा जो अल्पसा तुकडा मावतो तो त्याला सपाटच वाटणार. पृथ्वीचा परीघ त्यांनी ४९६७ योजने दिला आहे. पाहणारा लहान, पाहायची वस्तू मोठी, म्हणून तिचा आकार चुकीचा समजतो, हे बाराव्या शतकात आपल्या डोंगरांच्या आसऱ्याने राहणाऱ्या माणसाने लिहून ठेवले.

सूर्य-चंद्राचे उदाहरण याहून बोलके आहे. भास्कराचार्यांच्या हिशेबाने सूर्यबिंबाचा व्यास ६५२२ योजने आणि चंद्राचा ४८०. म्हणजे सूर्य चंद्राच्या तेरापटीहून जास्त रुंद. तरी आकाशात दोघे सारखेच दिसतात, कारण त्यांच्या मते सूर्याचे अंतर ६,८९,३७७ योजने आणि चंद्राचे ५१,५६६. भागाकार करून पाहिला तर दोन्ही बिंबे सुमारे ३२ कलांची येतात. (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, सबंध आकाशाच्या वर्तुळाचे अंश ३६०.) आजच्या मापांप्रमाणे सूर्य याहून कितीतरी दूर आणि कितीतरी मोठा आहे, चंद्राच्या सुमारे चारशेपट. म्हणून त्यांचा सूर्याचा आकडा आज टिकत नाही. पण ३२ कला हे दिसणारे माप आजही जवळजवळ बरोबर आहे, कारण ते प्रत्यक्ष वेध घेऊन ठरलेले होते.

आता ग्रहणाकडे वळू. त्या काळी ज्योतिषाची खरी परीक्षा ग्रहणात व्हायची. पंचांगातली तिथी चुकली तर चार विद्वानांना कळे, पण ग्रहण चुकले तर साऱ्या गावाला दिसे. राजा, सावकार, नदीवर स्नानाला जमलेली माणसे, सगळे वर पाहत उभे. ज्योतिषाने सांगितले तेवढे बिंब झाकले गेले नाही तर त्याची पत गेली. म्हणून ग्रहण कधी लागेल, किती लागेल, कोणत्या बाजूने लागेल हे गणिताने काढून त्याचे चित्रही आधी काढून ठेवण्याची रीत होती. या चित्राला परिलेख म्हणत. गणित कलांमध्ये व्हायचे आणि चित्र अंगुळांमध्ये काढायचे.

इथेच तो क्षितिजावरचा मोठा चंद्र आडवा येतो. एका अंगुळात किती कला धरायच्या? नकाशाचे प्रमाण एकच असावे, असे आपण म्हणू. सूर्यसिद्धांत या जुन्या ग्रंथाने मात्र दोन प्रमाणे दिली आहेत. बिंब क्षितिजाजवळ असेल तर एका अंगुळाला ३ कला, डोक्यावर असेल तर ४ कला आणि मधल्या उंचीवर मधले प्रमाण. याचा परिणाम काय होतो तो पाहा. ३२ कलांचा चंद्र क्षितिजाजवळ असेल तर चित्रात तो पावणेअकरा अंगुळांचा निघतो, आणि डोक्यावर असेल तर ८ अंगुळांचा. एकच चंद्र, पण क्षितिजाजवळ तो एकतृतीयांशाने मोठा काढायचा. भास्कराचार्यांनीही ग्रहगणितात याच धर्तीचा नियम दिला आहे, त्यांचे आकडे तेवढे जरा वेगळे आहेत.

हा नियम पहिल्यांदा वाचला की वाटते, एवढ्या मोठ्या गणितींनी ही चूक कशी चालू दिली? पण चूक कुठेच नाही. चंद्राचे बिंब रात्रभर तेवढेच राहते हे त्यांना पक्के ठाऊक होते. ग्रहणाचे सगळे गणित ते त्याच कायम बिंबावर करतात, त्यात क्षितिजाचा फरक शिरू देत नाहीत. उलट पाहणारा पृथ्वीच्या मध्यावर नसून पृष्ठभागावर उभा असल्याने ग्रहणात जो फरक पडतो, त्याचाही त्यांनी बारकाईने हिशेब केला आहे. आजचे शास्त्र सांगते की उगवता चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा आपल्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येएवढा, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर, अधिक दूर असतो. त्यामुळे मोजून पाहिला तर तो किंचित लहानच भरतो, दीड-पावणेदोन टक्क्यांनी. तरी तो मोठा दिसतो. गणित एकीकडे आणि गावकऱ्यांचे डोळे दुसरीकडे. भास्कराचार्यांनी गणित डोळ्यांसाठी वाकवले नाही आणि लोकांचे डोळे खोटे म्हणून झिडकारलेही नाहीत. कलांचा हिशेब कलांत ठेवला आणि चित्र पाहणाऱ्याला पटेल असे काढायला सांगितले.

ही माझी ओढाताण नाही, याला त्यांच्याच ग्रंथात दुसरा आधार आहे. चंद्राचा सोळावा भाग झाकला गेला तरी चंद्राच्या तेजामुळे तो लोकांच्या लक्षात येत नाही. सूर्य तर अधिकच प्रखर, त्यामुळे त्याचा बारावा भाग झाकला गेला तरी दिसत नाही. म्हणून शहाण्याने एवढे लहान ग्रहण लोकांना सांगूच नये, असे ते बजावतात. गणितात ग्रहण आहे, पण डोळ्यांना नाही, मग जाहीर करून काय करायचे? यात व्यवहाराचे शहाणपण आहे, आणि थोडी आपली पत सांभाळण्याची काळजीही असावी असे मला वाटते. ज्याने चौकात उभे राहून भाकीत केले आहे, त्यालाच हे सुचेल.

चंद्र क्षितिजावर मोठा का भासतो, याचे कारण त्या परंपरेत किरणांवरून सांगत. क्षितिजाजवळ बिंबाचे तेज मंदावते आणि ते उघडे, ठसठशीत दिसते; वर आले की स्वतःच्याच किरणांच्या झगमगाटात बुडून लहान वाटते. दुसरीकडेही या कोड्यावर डोकेफोड चालली होती. भास्कराचार्यांच्या आधी शंभरएक वर्षे होऊन गेलेले अरबी विद्वान इब्न अल्-हैथम यांनी दृष्टिशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला. क्षितिजाकडे पाहताना मध्ये जमीन, झाडे, घरे असतात, त्यामुळे ते टोक आपल्याला फार दूर वाटते. डोक्यावर पाहताना मध्ये काहीच नसते. जी वस्तू दूर आहे असे मन धरते, ती तेवढीच दिसली तरी मन तिला मोठी ठरवते, असा त्यांचा विचार होता.

आपल्या पवित्र सभेतल्या एका संन्यस्त गणितीचाही इथे उल्लेख करायला हवा. बेनेदेत्तो कास्तेल्ली हे इटलीतील बेनेडिक्टाईन संघाचे मठवासी. ते गॅलिलिओचे शिष्य आणि अखेरपर्यंतचे मित्र. पुढे पोप आठवे अर्बन यांनी त्यांना रोमला बोलावून घेतले. वाहत्या पाण्याचे माप आणि पावसाचे माप यांवरचे त्यांचे काम प्रसिद्ध आहे. १६३९ साली त्यांनी दृष्टीविषयी एक निबंध लिहिला, तो त्यांच्या मृत्यूनंतर १६६९ मध्ये छापला गेला. उगवत्या चंद्राचे मोठेपण आपण शेजारच्या वस्तूंशी नकळत तुलना करून ठरवतो, असे त्यांनी त्यात मांडले. कास्तेल्लींना भास्कराचार्यांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मध्ये पाचशे वर्षे आणि अर्धे जग. तरी दोघांसमोर चंद्र एकच होता.

शेजाराचा हा प्रभाव घरच्या स्वयंपाकघरातही पाहता येतो. एकाच मापाच्या दोन पुऱ्या घ्या. एकीच्या भोवती चार पोळ्या ठेवा आणि दुसरीच्या भोवती पेढे. पोळ्यांमधली पुरी लहान दिसेल, पेढ्यांमधली मोठी. पुऱ्या एकावर एक ठेवून दाखवल्या तरी पुन्हा जागेवर ठेवताच डोळा पहिलाच हेका धरतो! हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या (१८५०–१९०९) नावाने हा भ्रम ओळखला जातो. पाठ्यपुस्तकांत पुऱ्यांच्या जागी वर्तुळे असतात एवढेच. वाढताना हे ध्यानात असू द्यावे. मोठ्या ताटात वाढलेला भात कमी वाटतो आणि लहान थाळीत तेवढाच भात भरपूर वाटतो.

चंद्राच्या बाबतीत १९६२ साली अमेरिकेतील कौफमन आणि रॉक या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले. क्षितिजावरची जमीन आणि झाडे-घरे झाकून नुसता चंद्र दाखवला, तर त्याचा मोठेपणा ओसरतो. आपणही कागदाची सुरळी करून एका डोळ्याने तिच्यातून उगवता चंद्र पाहावा. शेजार नाहीसा होतो आणि परातीची वाटी होते. सुरळी बाजूला केली की पुन्हा परात. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना हा प्रयोग जरूर द्यावा. पुढे २००६ मध्ये मेंदूची छायाचित्रे घेऊन असेही दिसले, की चित्रातली एखादी वस्तू दूर आहे असे वाटून मोठी भासते, तेव्हा मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचा जो पहिला टप्पा आहे तिथेही ती अधिक जागा व्यापते. म्हणजे भ्रम झालेला माणूस मूर्ख नसतो. त्याचा मेंदू इमाने-इतबारे आपले काम करत असतो. सगळे कोडे सुटले आहे असे मात्र नव्हे. समुद्रावर, जिथे ना झाड ना घर, तिथेही खलाशांना उगवता चंद्र मोठाच दिसतो. तेव्हा नुसत्या झाडा-घरांवर सगळा भार टाकता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात याची उलट बाजूही पाहायला मिळते. लोणारच्या विवराच्या कडेवर उभे राहून प्रथमच खाली पाहणाऱ्याला ते एखाद्या मोठ्या तळ्याएवढेच वाटते. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, पण डोळ्याला तुलनेसाठी काही सापडत नाही. मग काठावरच्या झाडीत एखादे देऊळ ओळखू येते, ते काडेपेटीएवढे असते. खाली उतरणारी माणसे मुंगीएवढी दिसतात, आणि एका क्षणात सारे विवर अवाढव्य होते. भास्कराचार्यांची काठी जवळ असती तर पहिल्या नजरेतच अंदाज आला असता.

त्यांच्या पुढच्या आयुष्याविषयी फार थोडे निश्चित आहे. ते उज्जैनच्या वेधशाळेचे प्रमुख होते असे अनेक पुस्तकांत छापलेले असते, पाटणच्या लेखात मात्र तसे काही नाही. वयाच्या ६९ व्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगाच्या गणिताचा सोपा ग्रंथ लिहिला. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा नव्याने, अधिक सुटसुटीत रीत बसवली. यानंतर त्यांच्या हातचे काही मिळत नाही.

लीलावतीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. भास्कराचार्यांची लाडकी मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त, घटिकापात्रात पडलेला मोती, बुजलेले छिद्र आणि टळलेली घटका. मग दुःखी मुलीचे नाव अमर करण्यासाठी वडिलांनी लिहिलेला ग्रंथ. गोष्ट हृदयाला भिडते. पण ती प्रथम भेटते १५८७ साली, अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेत, म्हणजे ग्रंथानंतर चारशे सदतीस वर्षांनी. मूळ ग्रंथात कुठे बालिकेला, कुठे मित्राला उद्देशून गणिते घातली आहेत, लग्नाचा आणि मोत्याचा उल्लेखही नाही. पाटणच्या लेखात मुलाचे नाव आहे, मुलीचे नाही. मोठ्या माणसाभोवती गोष्टी गोळा होतात. पण भास्कराचार्यांना मोठे दिसण्यासाठी त्या मोत्याची गरज नव्हती, असे मला वाटते.

त्यांचा ग्रंथ मात्र दूरवर गेला. फैजीनंतर शहाजहानच्या काळात बीजगणिताचेही फारसीत भाषांतर झाले. १८१७ साली कोलब्रुक यांनी लीलावती आणि बीजगणित इंग्रजीत नेले. आपल्या देशाने १९७९ आणि १९८१ मध्ये भास्कर नावाचे दोन उपग्रह सोडले. हे नाव भास्कराचार्य आणि त्यांच्याआधीच्या सातव्या शतकातील पहिल्या भास्करांच्या स्मरणार्थ आहे. पृथ्वीचा जो तुकडा उभ्या माणसाला सपाट दिसतो, त्याची गोलाई या उपग्रहांनी वरून न्याहाळली.

घरात विद्या पुढेही टिकली. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना देवगिरीच्या यादव राजा जैत्रपालाने पाटणहून नेऊन आपल्या पंडितांचे प्रमुख केले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे मुख्य ज्योतिषी झाले. (आळंदीला ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेले चांगदेव ते वेगळे, त्यांच्याशी यांचा गोंधळ करू नये.) आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून या चांगदेवांनी पाटणला एक मठ उभारला. यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव या सरदाराने इ. स. १२०७ मध्ये, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाचे निमित्त साधून, या मठाला दान दिले. त्या ग्रहणाचे गणित आणि परिलेख चांगदेवांनी आजोबांच्याच रीतीने मांडला असणार, असे मानायला हरकत नसावी.

ते दान कोरलेला दगड म्हणजेच भाऊ दाजींना सापडलेला शिलालेख. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग, जिथे गावच्या पेठेने मठाला काय काय द्यायचे ते सांगितले आहे, तो आपल्या मराठीत आहे. बाजारात माल उतरला की त्यावरचा राजाचा हक्क मठाला, ग्राहकाकडून दामामागे ठरलेला वाटा, आणि गावात जितके तेलाचे घाणे फिरत असतील तितक्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल.